उरलेला अर्धा पिक्चर

२ मार्च

निघालो एकदाचे.

विम्याच्या ऑफिसात खोटे दावे पकडण्यात उमर गेली. माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. म्हणून ही रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पेन वहीतच ठेवणार. टोपणावर खूण केली आहे, ती कायम वरच्या बाजूला असेल. कोणी वहीला हात लावला तर लगेच कळेल.

गाडी म्हणजे कॅराव्हॅन. भाड्याची. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, भिंतीला टीव्ही. मालक म्हणाला, आधी फिरून बघा, आवडली तर वर्षभरासाठी देतो, पंधरा तारखेला सकाळी सांगा. मी तिथेच हो म्हणणार होतो. ही मध्ये पडली. म्हणे, ‘आधी एका खोलीत तुमच्याबरोबर काढून बघते. मग सांगते.’

यात बघण्यासारखं काय आहे? लग्नापासून एका घरातच तर आहोत. त्यावर ही म्हणाली, घरात खोल्या आहेत.

सोबत अक्का. माझी थोरली बहीण. तिला घेऊ या असं ही म्हणाली, मी नाही. नणंद-भावजयीचं इतकं पटतं हा प्रकार मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे.

संकल्प: रोज संध्याकाळी एक पिक्चर, तिघांनी मिळून. ऑफिसने निरोपाच्या दिवशी पेन ड्राइव्ह दिला, नुसते रहस्यपट भरलेला. ‘साहेब, खास तुमच्यासाठी.’ ही पंधरा तारखेला नाही म्हणूच शकत नाही.

३ मार्च, रात्री ८.२०

पहिला पिक्चर. बंगला, म्हातारा, विषप्रयोग. दोघींच्या नजरेतून सुटू नयेत म्हणून जागोजागी थांबवून पुरावे दाखवले. ग्लास. औषधाची बाटली. नर्सचे बूट. निम्म्यावर सगळं स्पष्ट झालं. नर्स. टीव्ही बंद केला.

ही म्हणाली, ‘अहो, शेवट?’

सांगितला ना शेवट. नर्स. शिवाय टीव्ही गाडीच्या बॅटरीवर चालतो. कळलेल्या गोष्टीवर बॅटरी का जाळायची? ऑफिसातही माझी हीच पद्धत. गुन्हेगार कळला की फाईल बंद. पुढचे कागद वाचत बसायचे नाहीत. साहेब लोक थक्क व्हायचे.

अक्काने विचारलं, ‘पण बाबू, त्या म्हाताऱ्याचं पुढं काय होतं?’

तो मेलाय, अक्का.

गाडी जरा तिरकी लागली आहे. पिक्चर चालू असताना अक्का हळूहळू हिच्या अंगावर घसरत होती. उतार बघायला मालकाने दिलेली लेव्हलची पट्टी बिघडलेली असणार. आता झोपतो. गाडी चालवणाऱ्याने लवकर झोपावं. फ्रिज घोंघावतो म्हणून कानात बोळे घालतो, पण मी झोपेतही सावध असतो.

५ मार्च

नवा तळ, नदीकाठी. तळ म्हणजे गाड्या लावायचं मैदान. नळ, न्हाणीघर, विजेचे खांब. खांबाजवळच्या जागा आधीच बळकावलेल्या.

शेजारी मोठी पांढरी कॅराव्हॅन. मालक दातांचा निवृत्त डॉक्टर. एकटाच फिरतो. मी त्याला दातवाला म्हणतो (मनात). कालच्या तळावरही हाच होता. परवाच्याही. हिला म्हटलं, हा आपला पाठलाग करतोय. ही म्हणाली, ‘या रस्त्यावर तळ मोजकेच आहेत. सगळ्याच गाड्या ओळीने तेच मुक्काम करतात.’ उत्तर फारच लगेच आलं.

सकाळी नळावर दातवाला म्हणाला, ‘काय साहेब, आज कोणाला धरताय?’ म्हटलं, पिक्चर संध्याकाळी असतो. म्हणाला, ‘तुमची फार मदत होते हो आम्हाला.’ मागच्या हिरव्या गाडीतल्या बाईही मान हलवून हसल्या. कसली मदत ते विचारायचं राहून गेलं.

हिनेच सांगितलं असणार माझ्याबद्दल. बायकोला नवऱ्याचा अभिमान असतोच, तोंडावर बोलून दाखवत नाही इतकंच. नावलौकिक पसरतो आहे.

आजचा पिक्चर: वकील. अर्ध्या तासात कळलं, तरी यांच्यासाठी निम्म्यापर्यंत चालू ठेवला.

६ मार्च

काहीतरी काळंबेरं आहे.

एक, पेन ड्राइव्ह मी चष्म्याच्या डबीत टोपणाची बाजू वर करून ठेवतो. सकाळी टोपण खाली.

दोन, आपल्या तीन घडीच्या खुर्च्या गाडीच्या मागे बांधलेल्या असतात. काल दिवसभर सोडल्याच नव्हत्या. आज तिन्हींच्या पायांना ओला चिखल.

तीन, हिच्या शालीला पॉपकॉर्नचा वास. आपल्या गाडीत पॉपकॉर्न नाही.

अक्काला सहज विचारल्यासारखं विचारलं, काल झोप लागली का. ‘छान लागली,’ म्हणाली आणि जांभई दिली. छान झोपलेलं माणूस जांभई देतं?

तीन खुर्च्या. दोघी फार तर दोन वापरतील. तिसऱ्या खुर्चीवर कोण बसतं? पाणी कुठंतरी मुरतंय.

७ मार्च

सापळा. माझा एक केस (परवडत नाही, तरी) डबीवर आडवा चिकटवून ठेवला. डबी उघडली की केस तुटणार. झोपलो.

सकाळी केस गायब! विचारणार तेवढ्यात हीच म्हणाली, ‘डबीवर केस पडला होता, पुसून टाकला. तुमचे फार गळायला लागलेत हल्ली.’

चोराच्या उलट्या बोंबा.

८ मार्च

सापळा दुसरा. डबीवर अंगाला लावायची पावडर शिंपडली. सकाळी चहाचा कप घेताना हिचे हात बघितले. स्वच्छ. अक्काचे स्वच्छ. बहाणा करून दातवाल्याशी हस्तांदोलनसुद्धा केलं. स्वच्छ. तरबेज टोळी आहे.

पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, ‘साहेब, नाकाला आणि कानाला काहीतरी पांढरं लागलंय.’ चष्मा त्याच डबीत असतो, हे आधी लक्षात होतंच. प्रयोगाचाच भाग होता.

निष्कर्ष: दातवाला माझे पिक्चर कॉपी करून घेतो आहे. आतलं माणूस सामील आहे.

९ मार्च

ही भाजी चिरताना गुणगुणत होती. सूर ओळखीचा नव्हता. कुठलं गाणं, विचारलं. तंद्रीत म्हणून गेली, ‘शेवटी वाजतं ना, ते.’

कशाच्या शेवटी?

हिने सुरी जोरात चालवली. अक्काला एकदम खोकला आला.

दिवसभर डोक्यात तेच. दातवाला विधुर आहे. त्याचे दात चांगले आहेत. ही नळावर त्याच्याशी बोलते तेव्हा हसते, आणि तो तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मान हलवत उभा राहतो. एखाद्या परक्या बाईचं इतकं मन लावून कोण ऐकतं? स्वार्थाशिवाय?

आज पिक्चरमध्ये लक्ष लागलं नाही. घाईघाईत भाच्याला धरलं आणि बंद केला.

इथे लिहायला हरकत नाही: मला भीती वाटते. गाडी गेली तर जाऊ दे. पण ही नाही म्हणाली तर घरी जाऊन ती तिच्या खोलीत आणि मी हॉलमध्ये टीव्हीसमोर, आणि मध्ये तो पॅसेज. ऑफिस होतं तोवर पॅसेज एवढा लांब वाटत नव्हता.

१० मार्च

समुद्राकाठचा तळ. शेवटचा मुक्काम, इथे पंधरापर्यंत. त्याच पांढऱ्या गाडीच्या शेजारी आमची जागा. मागे हिरवी.

थेट तळाच्या मॅनेजरकडे तक्रार केली. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मधूनमधून खाली बघत होता, खांदे हलत होते. माझ्या बोलण्याचा परिणाम. ‘लक्ष ठेवतो,’ म्हणाला. मग विचारतो, ‘उद्या कोणता लावताय?’ तपासाच्या दृष्टीने नाव सांगितलं नाही, विषय सांगितला. हॉटेलमालकाचा खून. ‘वा वा,’ म्हणाला. ‘फक्त जरा लवकर आटपा.’

लवकर का आटपायचं?

कुंपणच शेत खातंय.

११ मार्च, रात्री

पांघरुणात शिरून लिहितो आहे. थंडीने.

संध्याकाळी हॉटेलचा पिक्चर. निम्म्यावर आचाऱ्याला धरलं, निर्विवाद, त्याच्या हातात सुरी होती. टीव्ही बंद. ठरल्याप्रमाणे झोपेचं सोंग घेतलं, कानात बोळा एकच. सोंग इतकं हुबेहूब वठलं की जरा डोळा लागला.

हशाने जाग आली. हिचा पलंग रिकामा. अक्काचा बाक रिकामा. डबीत पेन ड्राइव्ह नाही. अंधारात सापडल्या त्या चपला घालून बाहेर पडलो.

दातवाल्याच्या गाडीवर पांढरी चादर ताणलेली. समोर सगळा तळ अर्धगोल करून बसलेला. मॅनेजर पॉपकॉर्न वाटतोय! चादरीवर माझं हॉटेल. मी थांबवलं होतं, बरोबर तिथेच थांबलेलं; तिथपर्यंतची गोष्ट अक्का सगळ्यांना सांगून संपवत होती.

पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. दातवाला म्हणाला, ‘हं वहिनी, आजचा निकाल?’ ही उठून उभी राहिली. म्हणाली, ‘आमच्या ह्यांनी आज आचाऱ्याला धरलंय.’

टाळ्या. ‘चला, आचारी सुटला!’ हिरव्या गाडीतल्या बाई म्हणाल्या, ‘एक नाव कमी झालं, आता सोपं आहे.’

हळूहळू उलगडा झाला. नर्स नव्हती. वकील नव्हता. भाचा तर पिक्चरभर परगावी होता. मी ज्याला धरीन तो निर्दोष, हा यांचा नियम. त्यावर हे लोक रोज उरलेला अर्धा पिक्चर बघतात. आणि माझी सख्खी बहीण, भर सभेत, अभिमानाने म्हणाली, ‘आमच्या बाबूचा नेम अजून एकदाही चुकलेला नाही.’

हिच्या शेजारी तिसरी खुर्ची. रिकामी. हिची शाल तिच्यावर. कोणीतरी विचारलं, इथे बसू का. ही म्हणाली, ‘नको, येणार आहेत.’

कोण येणार आहे? दातवाला तर प्रोजेक्टरच्या मशीनपाशी उभा होता.

टाकीमागे उभ्याउभ्या शेवटपर्यंत बघितलं. आचारी नव्हता. पोलिसांना फोन आचाऱ्यानेच केला होता.

दोघींच्या आधी येऊन झोपलो.

१२ मार्च

पिक्चरच चुकीचा लिहिला आहे. प्रत्यक्षात आचारीच असता.

दिवसभर कोणाशी बोललो नाही. सकाळी दातवाला नळावर ‘काय साहेब’ म्हणाला. बादली अर्धी भरून परत आलो. संध्याकाळी सांगितलं, आज पिक्चर नाही, डोकं दुखतंय. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अक्का स्वेटर घालून ‘जरा समुद्र बघून येते’ म्हणत बाहेर गेली.

ही समोर येऊन बसली. म्हणाली, ‘काल अक्कांची चप्पल घालून आला होतात. डावी. सकाळी ओली होती, आणि टाचेची कड दबलेली.’

ऑफिसात असं एक माणूस हाताखाली असतं तर.

मग मीही विचारलं. सरळ. ती तिसरी खुर्ची कोणाची? त्या दातवाल्याची?

ही रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. म्हणाली, ‘तुमची. रोज नेते. म्हटलं, कधीतरी जाग येईल, याल.’

म्हटलं, मग सांगायचं होतंस. तर म्हणाली, ‘सांगायला तुम्ही वाक्य पुरं होऊ देता का? पहिल्याच दिवशी म्हटलं, अहो, शेवट? तुम्ही म्हणालात, नर्स.’ वर म्हणाली, ‘घरीही तेच. मी निम्मं बोलले की तुमचा निकाल तयार. उरलेलं मी अक्कांना फोनवर सांगते.’

म्हणजे इतकी वर्षं फोनवर ते चालायचं. मला वाटायचं, माझ्या चहाड्या.

आणि दातवाला? ‘ते ऐकतात,’ ही म्हणाली. ‘पेशंटच्या तोंडात हात असला की स्वतःच बोलायची सवय लागते म्हणे. आता ती भरपाई करतायत.’

मग अट घातली. चौदाला शेवटचा पिक्चर, सगळ्यांबरोबर, पहिल्यापासून. मी माझ्या खुर्चीत बसायचं. शेवटपर्यंत. कोणाला धरायचं नाही. ‘एक नाव जरी तोंडातून काढलंत, तर गाडी परत, आणि आपण आपापल्या खोल्यांत.’

सोपं आहे. मी मौन सहज पाळू शकतो.

१३ मार्च

मौनाचा सराव.

सकाळी अक्का म्हणाली, ‘बाबू, माझा गुडघा...’ म्हटलं, चपला बदल. तिला म्हणायचं होतं, गुडघा आता बरा आहे, फिरायला येतोस का. हे धरायचं नाही. उद्यापासून अट आहे.

दुपारी रेडिओवर हवामान सांगत होते. निम्म्यावर बंद करून सगळ्या तळाला सांगितलं, पाऊस येणार, कपडे आत घ्या. लोकांनी लगेच कपडे वाळत घातले. लख्ख ऊन पडलं.

संध्याकाळी हिने तिच्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. मी ओठ दाताखाली धरून बसलो. गोष्ट बरीच लांब होती आणि मला वाटलं होतं तिथे ती गेलीच नाही. तिची मैत्रीण शेवटी पास झाली. मी ती नापास होणार असं धरून चाललो होतो.

बरी होती गोष्ट.

१४ मार्च, संध्याकाळी ७.३५

मध्यांतर. स्वेटर आणायच्या निमित्ताने गाडीत आलो आहे. भराभर लिहितो.

संगीत शिक्षिकेचा खून. संशयित: भाडेकरू, धाकटी बहीण, डॉक्टर, घड्याळ दुरुस्त करायला येणारा घड्याळजी. पहिल्यापासून सलग बघितला, एकदाही न थांबवता. वेगळंच वाटतं. माणसं बोलतात ती पूर्ण ऐकू येतात.

घड्याळजी. शंभर टक्के घड्याळजी. खुनाच्या वेळी सगळे साक्षीदार भिंतीवरच्या घड्याळावरून वेळ सांगतात, आणि ते घड्याळ आदल्या दिवशी त्यानेच लावलं आहे.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दातवाला म्हणाला, ‘साहेब, नाव?’ नाव जिभेच्या टोकावर होतं. दात आवळले. म्हटलं, ‘माहीत नाही.’

हा शब्द मी ऑफिसात कधी उच्चारला नाही.

मॅनेजर वैतागला. ‘असं कसं, आता आम्ही कोणाला वगळायचं?’ हिरव्या गाडीतल्या बाईंनी तर विनवण्या केल्या, निदान एखादं लहानसं नाव द्या म्हणून. हिने शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली.

इथे लिहून टाकलं म्हणजे पोटातलं बाहेर पडलं. जातो.

१४ मार्च, झोपण्यापूर्वी

घड्याळजी!!

घड्याळजीच! घड्याळ, साक्षीदार, सगळं मी म्हटलं तसंच! तळावरचा एकही माणूस ओळखू शकला नाही. बहुतेकांनी भाडेकरूला धरलं होतं. अक्काने डॉक्टरला, तो चष्मा पुसतो म्हणून.

आणि मी मूग गिळून बसलेला. दातवाला वर म्हणतो, ‘बरं झालं साहेब, बोलला नाहीत. चुकून घड्याळजी म्हणाला असतात, तर आम्ही त्याला सोडूनच दिलं असतं.’ सगळे हसले. मीही हसलो. हसण्याचा तो प्रकार मी पुन्हा करू इच्छित नाही.

परत येताना राहवेना. म्हटलं, ‘खरं सांगायचं तर मला आधीच...’ ही थांबली. बघत राहिली. वाक्य पुरं होण्याची वाट बघत होती.

म्हटलं, ‘मला आधीच थंडी वाजत होती.’

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘घेऊ गाडी. वर्षभरासाठी. याच अटीवर.’

काय सांगू. मला रडूच येणार होतं. वारा फार होता समुद्रावर.

पण एक गोष्ट. पुरावा आहे! याच वहीत, तारीख-वेळेसह, माझ्या अक्षरात. कुठल्याही कोर्टात टिकेल. वही घेऊन उठलो, हिला दाखवावी म्हणून. मग आधीची पानं चाळली. विधुर. चांगले दात. केस. पावडर. आतलं माणूस. ते पान दाखवायचं तर ही पानंही आलीच.

भक्कम पुरावा, आणि सादर करता येत नाही. वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वही गादीखाली सरकवली.

१५ मार्च, सकाळी

उठलो तेव्हा ही बाहेर खुर्चीत बसून मालकाशी फोनवर बोलत होती. ‘हो, वर्षभरासाठी. नाही, विचार करूनच सांगतेय. सगळं बघून घेतलंय मी.’ डोळे जरा लाल होते, पण हसत होती. बऱ्याच पहाटे उठली असावी, चहा दोनदा झालेला दिसला.

मला कप दिला आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात ठेवलं. म्हणाली, ‘बंद पडलंय. बघा एखादा घड्याळजी. तुम्हाला त्यांची चांगली पारख आहे.’

मला कशी असेल? घड्याळजींशी माझा कधी संबंध आला नाही. बायका सकाळी सकाळी काहीही बोलतात. पण पूर्ण ऐकून घेतलं.

आत येऊन लिहायला बसलो तर पेनाच्या टोपणावरची खूण खालच्या बाजूला! आणि गादीची चादर नीट खोचलेली, मी कधीच खोचत नाही. कोणीतरी वही वाचली आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

अक्का. नक्की अक्का. काल डॉक्टरला धरून तोंडघशी पडली, त्याचा राग. केस बंद.